दम्याचा पंप, बीटा-२ आणि साबणाचा वाद

कापसाचा हंगाम लागला की जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये पांढरी धूळ उडते आणि दमेकऱ्याचा हात खिशातल्या पंपाकडे जातो. त्यातलं सालब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे पेशीपटलात बसून बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि नळी सैल पडते. चिकटल्यावर त्या ४१३ अमिनो आम्लांच्या साखळीत काय हलतं, हे विचारायला एनएमआरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत रेषांच्या रूपात टिपणाऱ्या तंत्राला, बराच उशीर झाला.

तंत्र १९४६चं, पण मोठे रेणू द्रावणात संथ फिरतात, त्यांच्या रेषा पसरट होऊन बुडतात. १९९७ला मोठ्या रेणूंच्याही रेषा बारीक ठेवणारी ट्रोझी ही पद्धत आली तेव्हा कुठे वाट दिसली. २००७ला बीटा-२चा स्फटिक मिळून त्याची स्थिर रचना कळली, २०११ला जी-प्रोटीनसकट, म्हणजे पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जोडीदारासकट. त्यात सहाव्या हेलिक्सचं (साखळीच्या मळसूत्री वळशाचं) पेशीच्या आतल्या बाजूचं टोक १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेलं. म्हणजे प्रवासाची दोन टोकं कळली: भुसावळ कळलं, मनमाड कळलं. मधलं पाचोरा-चाळीसगाव नाही.

ते २०१२मध्ये दिसू लागलं. सहाव्या-सातव्या हेलिक्सच्या टोकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर फ्लोरिनची खूण बांधली. प्रथिनांत मुळात फ्लोरिन नसतो, त्यामुळे दिसेल ती रेषा खुणेचीच. दोन्ही टोकं दोन-दोन अवस्थांत ये-जा करत होती. औषध फक्त त्यांचं प्रमाण बदलत होतं. अरेस्टिनकडे, म्हणजे आतल्या दुसऱ्या एका जोडीदार प्रथिनाकडे, झुकणारी औषधं मुख्यतः सातव्याला हलवत होती. पुढच्या वर्षी मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या मिथाइल गटांवरून दिसलं की नुसत्या औषधाने रिसेप्टर पुरता सक्रिय होत नाही. आतून जी-प्रोटीनसारखा जोडीदार लागतो.

पण हे सगळं साबणात. साबण म्हणजे कपड्यांची वडी नव्हे, तर डोडेसिल माल्टोसाइडसारखा सौम्य डिटर्जंट. पेशीपटलातून प्रथिन सोडवायचं तर तो हवाच. साबणाच्या बाजूने बोलणारे म्हणत, साबणातही औषध चिकटतं, रेषा नीट येतात, मग हरकत काय? त्यांचं पूर्ण चूक नव्हतं, कारण तेव्हा दुसऱ्या मार्गाने रेषाच मिळत नव्हती. तरी मला ही पळवाट वाटते. औषध चिकटणं वेगळं. इथे मोजायचं होतं ते अवस्थांचं प्रमाण आणि ये-जा करण्याचा वेग, आणि आजूबाजूचा परिसर बदलला की आधी तेच बदलणार. रायपनिंग चेंबरमध्ये केळीचा घड बघून तो रावेरच्या मळ्यात किती दिवसांत पिकला असता, हे सांगण्यातला प्रकार.

२०१४मध्ये तोच रिसेप्टर प्रथिनाच्या पट्ट्याने बांधलेल्या लिपिडच्या चकतीत बसवून मोजला गेला. प्रमाण आणि वेग, दोन्ही साबणातल्यापेक्षा वेगळे निघाले. तेव्हापासून शोधनिबंधात टक्केवारी दिसली की मी आधी पद्धतीचा भाग उघडतो: साबण, की चकती?