ड्युसेलडॉर्फमधील आल्टबिअर फेरी

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहराच्या आल्टश्टाट या जुन्या भागात एका ब्रुअरीतून (बिअर बनवणाऱ्या घरातून) दुसरीत पायी जात, तिथेच तयार झालेली आल्टबिअर ही तांबूस, कडवट बिअर चाखण्याची प्रथा. ऱ्हाइनकाठचा हा भाग जेमतेम अर्धा चौरस किलोमीटरचा, पण त्यात अडीचशेच्या वर मद्यालये आहेत. त्यामुळे शहरवासी त्याला ‘जगातला सर्वांत लांब बार’ म्हणतात. यातली बहुतेक ठिकाणे फेरीच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची. खरी फेरी होते ती स्वतःची बिअर स्वतः बनवणाऱ्या मोजक्या घरांची.

शूमाखर (१८३८) हे त्यातले सर्वांत जुने. त्याची ब्रुअरी रेल्वे स्थानकाच्या बाजूला ओस्टश्ट्रासेवर (श्ट्रासे म्हणजे रस्ता) आहे, म्हणून अनेक जण फेरी तिथूनच सुरू करतात. राटिंगर श्ट्रासेवर फ्युक्सशेन (१८४८), बोल्करश्ट्रासेवर श्ल्युसेल (१८५०) आणि बेर्गर श्ट्रासेच्या कोपऱ्यावर युरिगे (१८६२). क्युर्त्सर हे २०१० मधले, तरुणांच्या गर्दीचे. कवी हाइन्रिश हाइने १७९७ साली जन्मला तोही याच बोल्करश्ट्रासेवर. शूमाखर वगळता बाकीची घरे एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत.

या बिअरची कृती लागर, म्हणजे थंड तापमानाला आंबवलेली बिअर, पसरण्याआधीच्या काळातली, आणि ‘आल्ट’ म्हणजे जुने, ते त्या अर्थाने. यीस्ट उबदार तापमानाला, साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसला काम करते. नंतर मात्र बिअर काही आठवडे थंडीत मुरवतात. म्हणून तिला एलचा, म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअरचा, हलका फळांचा वास असतो आणि लागरचा स्वच्छपणाही. रंग तांबूस, चव कोरडी व कडवट, मद्यांश पाच टक्क्यांच्या आतबाहेर. युरिगेमध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्सचा (कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) उकळलेला काढा आजही उथळ, रुंद टाकीत पसरून निवू देतात आणि मग थंड नळ्यांवरून ओघळत खाली सोडतात. बंद यंत्रांच्या जमान्यात हे खटाटोपाचे काम आहे, पण तिथल्या लोकांनी ते सोडलेले नाही.

एकाच प्रकारची बिअर लागोपाठ तीन-चार घरांत प्यायली की प्रत्येकीचा स्वभाव कळतो, आणि हीच या फेरीची खरी गंमत. युरिगेची सर्वांत कडू. पहिल्या घोटाला दचकवते, दुसऱ्या पेल्यापर्यंत हवीशी वाटू लागते. शूमाखरची माल्टकडे झुकलेली, सौम्य. फ्युक्सशेनची मधली, हॉप्सचा वास जपणारी. श्ल्युसेलची नवख्याला पटकन रुचणारी. सौम्यापासून कडूकडे गेलेले बरे, कारण युरिगेनंतर इतर तिन्ही फिक्या लागतात.

बिअर पिंपातून केवळ गुरुत्वाकर्षणाने पेल्यात उतरते, बाहेरून वायूचा दाब देत नाहीत. पिंप रिकामे झाले की दुसरे चढवतात आणि हातोडीच्या ठोक्याने त्याला तोटी बसवतात. पेला लहान, पाव लिटरचा, म्हणजे शेवटचा घोटही गार राहतो. वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात. त्याच्या कमरेला निळा एप्रन, हातात भरलेल्या पेल्यांचे तबक. तो विचारत नाही. पेला रिकामा दिसला की दुसरा ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. निघताना त्याच रेघांवरून हिशेब होतो. पुरे झाले असेल तर ती चकती पेल्यावर ठेवायची, एवढी खूण बास. क्योबेसची जीभ तिखट असते. नुसते पाणी मागणाऱ्याला टोमणा ठरलेला. तो मनावर घेऊ नये. शेजारच्या कोलोनची कोल्श बिअर मात्र इथे मागू नये, दोन शहरांमधली चुरस या बाबतीत फार जुनी आहे.

सोबत खायला डुकराच्या कच्च्या खिम्याचा कांदा घातलेला पाव, भाजलेली तंगडी, सॉसेज. शाकाहारी माणसाने ‘हाल्वे हान’ मागवावा. नावाचा अर्थ अर्धा कोंबडा, पण ताटात येतो राय पिठाचा पाव, चीज आणि मोहरीची चटणी. ड्युसेलडॉर्फची ही मोहरी झणझणीत असते आणि आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. छपाईचे ‘ड्रुपा’ किंवा प्लॅस्टिकचे ‘के’ ही प्रदर्शने पाहायला भारतातून येणाऱ्या व्यावसायिकांना ही फेरी संध्याकाळी सहज जमते. हाइन्रिश-हाइने-आले हे मेट्रो स्थानक आल्टश्टाटला लागूनच आहे, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही.

युरिगे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी, ‘श्टिके’ नावाची अधिक जोरकस आल्ट काढते. शूमाखरची तशी खास बिअर म्हणजे ‘लाट्सेन’. तारखा जुळवता येत असतील तर श्टिकेचा मंगळवार निवडावा आणि दुपारीच जाऊन जागा धरावी.