टॅपेट वाजतात म्हणून लगेच हेड खोलू नका

मागच्या आठवड्यात दिग्रसहून मामेभावाचा फोन आला, "दादा, गाडी सकाळी सकाळी टिक टिक करून रायली, मिस्त्री म्हणते हेड खोला लागते." त्याची जुनी डिझेल व्हॅन आहे, कापूस वेचणीला बाया ने-आण करते, सीझनमध्ये ती उभी राहिली की सगळ्यांचीच मजुरी बुडते. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह त्यातच असतात. मी म्हटलं थांब, आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघ. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं!

आता हे टॅपेट काय करतात ते समजून घेऊ, कारण मला इंजिनमधली सगळ्यात आवडती वस्तू हीच आहे. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप म्हणजे व्हॉल्व्ह, तिला दाबून उघडणारा उंचवट्याचा दांडा म्हणजे कॅम, आणि या दोघांच्या मधला दुवा म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. 100 मिलिमीटरचा स्टीलचा व्हॉल्व्ह 400 अंशांनी तापला तर जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो, हेडही फुगतं, पण दोघांचं वाढणं सारखं नसतं, म्हणून कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये थोडी फट ठेवावी लागते. 796 सीसीच्या जुन्या ओम्नीत ही फट मिस्त्री फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून स्क्रूने सेट करतो. भावाच्या व्हॅनसारख्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये स्क्रूच नाही, फट ऑइल भरतं. 1930 च्या कॅडिलॅक व्ही-16 मध्येसुद्धा हीच युक्ती होती.

आत एक छोटी डबी, डबीत प्लंजर म्हणजे वर-खाली सरकणारा दट्ट्या, त्याच्याखाली स्प्रिंग आणि एक बारीक गोळी. कॅमचा उंचवटा निघून गेला की स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते, फट मिटते, खाली जागा होते आणि गोळी सरकून तिथे ऑइल शिरतं. मग उंचवटा परत येऊन दाबतो, गोळी भोकावर बसते, ऑइल कोंडतं, आणि ऑइल दाबून आकसत नाही त्यामुळे ती डबी काही क्षण लोखंडाच्या ठोकळ्यासारखी कडक होते नि व्हॉल्व्ह उघडतो. दर फेरीला प्लंजरच्या बाजूने अगदी किंचित ऑइल मुद्दाम गळू दिलेलं असतं, म्हणजे तापून व्हॉल्व्ह लांबला तर टॅपेट तेवढा खाली बसतो, नाहीतर व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होता जळेल. गळतीवर चालणारं इतकं अचूक यंत्र, मला आजही नवल वाटतं.

आता त्या डबीत हवा गेली तर? हवा आकसते, टॅपेट फुसका होतो, फट राहते आणि टिक. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर क्रँक (इंजिनाचा खालचा मुख्य फिरणारा दांडा) त्याला घुसळून फेस करतो, आणि जुनं ऑइल काळा गाळ होऊन गोळीखाली अडकतं. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना क्रँक मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल तेव्हा, एक टॅपेट सेकंदाला साधारण साडेसहा वेळा वाजतो. आवाज याच्या दुप्पट वेळा येणारा आणि जड, ठोकल्यासारखा असेल तर बेअरिंगचा संशय घ्या आणि गाडी चालवूच नका.

आपल्याकडे ऊन 45 च्या वर जातं म्हणून लोक जाड ऑइल टाकतात. पण बाहेर काहीही असो, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी 90 च्या आसपासच ठेवतो, त्यामुळे मॅन्युअलमधलाच ग्रेड घ्या, जाड ऑइल थंड इंजिनात टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं. राकेल टाकून फ्लश तर अजिबात नको, ऑइल पातळ होऊन बेअरिंग घासतात. आवाज बंद करणाऱ्या बाटल्यांनी कधी गाळ सुटतो, पण झिजलेला प्लंजर काही भरून येत नाही. मामीने गाडीला लिंबू-मिरची बांधली होती, तिची काळजी मला कळते, पण नजर लागून लोखंड वाजत नाही, आणि त्या भरवशावर चार दिवस कमी ऑइलवर गाडी पळवली तर कॅमच घासून जाईल.

भावाने ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदललं, मिस्त्रीकडून गेज लावून ऑइलचं प्रेशर बघून घेतलं, ते बरोबर निघालं. पहिले दोन दिवस टिकटिक होती, मग कमी झाली. आता सकाळी स्टार्ट केल्यावर चार-पाच सेकंद येते, रात्रभरात डबीतलं ऑइल उतरलेलं असतं ना, आणि प्रेशर आलं की बंद. एक टॅपेट मात्र गरम इंजिनातही वाजतोय, तो वेचणी संपली की बदलणार आहे.