चुंबकाला न चिकटणारं नाणं

वीस रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते खोटं, असा एक समज आहे. रुपया चिकटतो, मग हे का नाही? खरं तर हे चिकटलं, तरच संशय घ्यावा.

नाण्याचा धातू, वजन, आकार राजपत्रात ठरवून दिलेला असतो. वजनातल्या चालणाऱ्या फरकाला टांकसाळीत ‘रेमेडी’ म्हणतात. वीस रुपयांचं नाणं 8.54 ग्रॅमचं, 27 मिलिमीटरचं, बारा कडांचं. बाहेरच्या कड्यात तांबं 65 टक्के, जस्त 15, निकेल 20. हे आपलं जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी औषधालाही नसते. मधल्या पिवळ्या चकतीत तांबं 75, जस्त 20, निकेल 5.

गंमत अशी, की निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं. 1947चा निकेलचा रुपया टचकन चिकटतो. मग तांब्याच्या संगतीत त्याला होतं काय? निकेलचं चुंबकत्व त्याच्या ‘डी’ पट्ट्यातल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एका ठरावीक ऊर्जापट्ट्यातल्या, रिकाम्या जागांमुळे असतं. दर अणूमागे सरासरी 0.6 जागा. तांब्याच्या अणूकडे निकेलपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त, तो या जागा भरत जातो. शंभरात साठ अणू तांब्याचे झाले, की जागा संपल्या आणि चुंबकत्वही संपलं. चित्र ढोबळ आहे, पण आकडा बऱ्यापैकी जुळतो. खोलीच्या तापमानाला तर उष्णतेची धडपड मदतीला येते, त्यामुळे एक तृतीयांशाच्या आसपास तांबंही पुरतं. जस्त तर दोन जादा इलेक्ट्रॉन घेऊन येतं.

आताचा रुपया फेरिटिक स्टीलचा: लोखंड 83, क्रोमियम 17. तो चिकटतो. घरातलं 18-8 स्टीलचं ताट मात्र चिकटत नाही, कारण त्यातलं 8 टक्के निकेल लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलतं. ताटाची वळवलेली कड किंचित ओढली जाते. वाकवताना ती मांडणी थोडी मोडलेली असते.

रुपयाही एकच नाही. 1983चा तांबं-निकेलचा 6 ग्रॅमचा, 1992चा स्टीलचा 4.85 ग्रॅमचा, 2011चा 3.79 ग्रॅमचा. पहिला चिकटत नाही, पुढचे दोन्ही चिकटतात, तिन्ही अस्सल. दहाच्या नाण्यावरचे किरण मोजून ते खरं की खोटं ठरवत बसणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेने 2018मध्येच त्या नाण्याचे 14 नमुने वैध असल्याचं सांगितलंय.

वजन करून पाहायचंच असेल, तर एकेक नाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू नका. काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. वीसची दहा नाणी एकदम ठेवा. 85 ग्रॅम दिसायला हवं, एखादा ग्रॅम इकडेतिकडे.