हायपोफॉस्फटेशिया की हायपोफॉस्फटेमिया? मुलांचे दात बघा

दोन्ही आजार दुर्मिळ, दोन्ही जनुकीय, दोन्हीत पाय वाकू शकतात म्हणून सुरुवातीला मुडदूसच वाटतो, वर नावंपण इतकी सारखी की भलेभले गोंधळतात. पण दातांचं म्हणाल तर दोन्हींत मोठा फरक आहे.

हायपोफॉस्फटेशियात दुधाचा दात पाच वर्षांच्या आतच हलतो आणि पडतो, बहुतेक वेळा पुढचा, आणि पडतो तो मुळासकट. एरवी सहाव्या वर्षाच्या आसपास दात पडतो तेव्हा मूळ विरघळून गेलेलं असतं, हातात नुसता वरचा तुकडा येतो, इथे मात्र लांबच्या लांब मूळ तसंच शाबूत, कारण मुळावरचा सिमेंटमचा थर नीट बनलेलाच नसतो आणि दात हाडाला धरून राहत नाही. असा दात फेकू नका प्लीज, डबीत घालून डेंटिस्टला दाखवा. काही मुलांची हाडं ठीक असतात, फक्त दातच सांगतात.

एक्स-लिंक्ड (म्हणजे एक्स गुणसूत्रातून येणाऱ्या) हायपोफॉस्फटेमियात दात जागच्या जागी, ना कीड ना मार, तरी हिरडीवर पुळी येते आणि पू होतो. फॉस्फेट लघवीतून निघून जातं, डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर, कच्चं राहतं, आतली नसेची पोकळी मोठी आणि तिची टोकं पार इनॅमलजवळ, मग वरचं जरा झिजलं की जंतू थेट आत. अशा पालकांना 'ब्रश नीट करून घेत नाही का' असं ऐकवणं खरंच अन्याय आहे. या मुलांची दाढ आली की सीलंट, म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणारा लेप, लवकर करून घ्यावं. पहिल्या आजारात दात गेला असेल तर काढता येणारी छोटी कवळी बसवतात.

रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पहिल्यात कमी, दुसऱ्यात सहसा जास्त. फक्त रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापलेली असेल तर मुलाचा कमी आकडा नॉर्मल वाटतो, कारण वाढत्या वयात तो मुळात जास्तच असतो. आणि हे निदान चुकलं तर औषधही चुकतं. हायपोफॉस्फटेमियात फॉस्फेट आणि अ‍ॅक्टिव्ह व्हिटॅमिन डी देतात, किंवा २०१८ पासून मिळणारं बुरोसुमॅब. हायपोफॉस्फटेशियाच्या बाळाच्या रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं, त्यात मुडदूस समजून व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दिलं तर त्रास वाढतो. त्यामुळे दात मुळासकट पडला असेल तर डोस सुरू करण्याआधी अल्कलाइन फॉस्फटेजची टेस्ट मुलाच्या वयाच्या रेंजशी ताडून घ्या.