चाळिशी सुटली, की मोतीबिंदू आला?

सत्तरीच्या माणसाने एके दिवशी चाळिशी बाजूला ठेवून बारीक अक्षर घडाघडा वाचलं की घरात कौतुक सुरू होतं. "या वयात नजर परत आली!" नजर परत आलेली नसते. बहुतेक वेळा भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदूने बस्तान बसवायला घेतलेलं असतं. गाभा दाट झाला की भिंग प्रकाश जास्त वाकवतं, नंबर मायनसकडे सरकतो आणि जवळचं आपोआप दिसायला लागतं. त्याच माणसाला लांबची पाटी वाचायला सांगा, म्हणजे खरा प्रकार कळेल.

घोळ होतो याचं नवल नाही. चाळिशी, म्हणजे वयाने जवळचं दिसेनासं होणं, आणि मोतीबिंदू या दोन्ही गोष्टी एकाच जागी घडतात, बाहुलीमागच्या जेमतेम ९-१० मिलिमीटर व्यासाच्या भिंगात, आणि दोन्ही वयाबरोबर येतात. पण चाळिशीत भिंगाचा लवचिकपणा जातो, मोतीबिंदूत पारदर्शकपणा. लहान मूल जवळचं बघताना भिंग फुगवून दहाहून अधिक डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) जास्तीची ताकद मिळवतं. साठीला त्यातला एखादा डायॉप्टर उरतो. भिंग स्वच्छच असतं, फक्त फुगत नाही. म्हणून प्लसचा चष्मा लावला की भागतं. मोतीबिंदूत प्रकाश भिंगातच विखुरतो. रात्री समोरच्या गाडीचे दिवे विस्कटल्यासारखे पसरतात, पांढरा सदरा पिवळट वाटतो. सुरुवातीला नंबर बदलून काही दिवस निभावतं, पण विखुरलेला प्रकाश कुठल्याच चष्म्याने गोळा होत नाही.

खरी गंमत रसायनात आहे. भिंगाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा प्रथिनांचा असतो, त्यातली बहुतेक क्रिस्टलिन या कुळातली. इतकं दाट द्रावण दुधासारखं पांढरं दिसायला हवं. ते आरपार दिसतं, कारण रेणू लहान असतात आणि एकमेकांना इतके खेटून, नीट अंतर राखून बसतात की विखुरलेला प्रकाश एकमेकाला रद्द करतो. ही मांडणी किती नाजूक आहे ते प्रयोगशाळेत डोळ्यांनी बघता येतं. कोवळ्या वासराचं भिंग बर्फात ठेवलं की मधोमध पांढरं होतं आणि ऊब दिली की पुन्हा निवळतं. आपला मोतीबिंदू असा निवळत नाही. त्यातले बदल पक्के असतात.

पक्के, कारण भिंगाला दुरुस्ती जमत नाही. पारदर्शक राहण्यासाठी भिंगातल्या लांबट तंतुपेशी आपलं केंद्रक आणि ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियासुद्धा टाकून देतात, मग नवं प्रथिन बनवणार कोण? गाभ्यातलं प्रथिन जन्माआधीचं, ते मरेपर्यंत तेच. म्हणूनच २०१६ मध्ये ग्रीनलँड शार्कचं वय भिंगाच्या गाभ्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढता आलं. सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली.

इतकी वर्षं ही प्रथिनं सांभाळतं अल्फा-क्रिस्टलिन. ते स्वतः क्रिस्टलिनच, पण घडी उलगडायला लागलेल्या शेजाऱ्यांना धरून ठेवतं, हे शास्त्रज्ञ जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवलं. ही राखणदारी फुकट नसते. धरलेल्या प्रथिनासह ते मोठ्या पुंजक्यात अडकतं आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंत गाभ्यातलं मोकळं अल्फा जवळजवळ संपतं. नेमका याच सुमारास गाभा कडक होतो. हा योगायोग नसून कार्यकारणभाव आहे, असा एक तर्क आहे आणि मला तो पटतो. म्हणजे चाळिशीत पुंजके असतात, पण अजून प्रकाश अडवण्याइतके मोठे नसतात.

पुढचं काम ऑक्सिडीकरण करतं. भिंगात ते रोखणारं ग्लुटाथायोन भरपूर असतं, पण मध्यमवयानंतर ते बाहेरच्या थरातून गाभ्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. मग प्रथिनांमधले गंधकाचे गट एकमेकांना जखडतात, पुंजके वाढत जातात आणि अतिनील किरण शोषणारे रेणू प्रथिनांना चिकटून गाभा पिवळा, पुढे तपकिरी होतो.

मोतीबिंदूला म्हातारपणच लागतं असंही नाही. मधुमेहात साखरेपासून सॉर्बिटॉल साठतं आणि भिंगात पाणी ओढलं जातं. दुधातली गॅलॅक्टोज साखर न पचण्याच्या जन्मजात आजारात, गॅलॅक्टोसेमियात, तर तान्ह्या बाळालाही मोतीबिंदू होतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो भिंगाच्या मागच्या थरात दिसतो. चाळिशीला मात्र अशा वाटा शोधाव्या लागत नाहीत, ती कुणालाच चुकत नाही.

थेंबांबद्दल बोलायलाच हवं, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत दोन्हींची खिचडी असते. अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळालेले पायलोकार्पिनचे थेंब चाळिशीसाठी आहेत. ते बाहुली बारीक करतात, त्यामुळे काही तास जवळचं स्पष्ट दिसतं. भिंग होतं तसंच राहतं. मोतीबिंदूसाठी २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या रेणूने आशा लावली होती. प्राण्यांच्या भिंगात त्याने पुंजके सोडवल्याचं दिसलं, पण शस्त्रक्रियेत काढलेले माणसांचे गाभे त्यात बुडवून ठेवले तेव्हा ते निवळले नाहीत. "थेंब टाका, मोतीबिंदू विरघळवा" असं कुणी म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा.

उरते शस्त्रक्रिया. गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवतात. पहिलं असं भिंग ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला बसवलं. नेहमीचं कृत्रिम भिंग एकाच अंतराचं असतं, बहुधा लांबचं. त्यामुळे चाळिशी सुटली म्हणून मिरवणारी व्यक्ती शस्त्रक्रियेनंतर लांबची पाटी खणखणीत वाचते आणि पेपर हातात घेतला की कपाटात टाकलेली चाळिशी शोधायला लागते.