फुप्फुसांचे वायुवीजन-रक्तप्रवाह चित्रण

फुप्फुसांच्या कोणत्या भागात किती हवा पोहोचते आणि कोणत्या भागातून किती रक्त वाहते, हे दोन चित्रांतून दाखवणारी तपासणी. रुग्णालयात तिला ‘व्हीक्यू स्कॅन’ म्हणतात. शरीरक्रियाविज्ञानात ‘व्ही’ हे वायुवीजनाचे आणि ‘क्यू’ हे रक्तप्रवाहाचे चिन्ह आहे.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या वायुकोशांत (फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) मिनिटाला सुमारे ४ लिटर हवा खेळते आणि फुप्फुसांतून सुमारे ५ लिटर रक्त जाते. दोन्हींचे गुणोत्तर ०.८ येते. हा आकडा फसवा आहे. सगळी हवा उजव्या फुप्फुसात आणि सगळे रक्त डाव्या फुप्फुसात गेले, तरी गुणोत्तर ०.८ च राहील आणि माणूस जगणार नाही. हवा व रक्त एकाच ठिकाणी भेटतात की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जागेनुसारच शोधावे लागते. निरोगी फुप्फुसातही ही वाटणी सारखी नसते. ताठ बसलेल्या माणसात हवा आणि रक्त दोन्ही तळाकडे जास्त जातात, पण गुरुत्वाकर्षणाचा ओढा रक्तावर अधिक असतो. त्यामुळे गुणोत्तर तळाशी ०.६ च्या आसपास, तर शिखराशी, म्हणजे वरच्या टोकाशी, ३ च्याही वर असते. शरीरक्रियावैज्ञानिक जॉन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९६० च्या सुमारास किरणोत्सारी ऑक्सिजनयुक्त कार्बन डायऑक्साइड हुंगायला देऊन हा चढउतार मोजला.

रक्तप्रवाहाच्या चित्रासाठी अल्ब्युमिन या प्रथिनाच्या गोळक्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून ते शिरेतून टोचतात. बहुतेक गोळके १० ते ९० मायक्रोमीटर आकाराचे असतात. केशवाहिन्या त्याहून अरुंद असल्याने गोळके पहिल्याच फेरीत फुप्फुसांत अडकतात आणि जिथे रक्त जास्त, तिथे जास्त साठतात. मुद्दाम वाहिन्या बुजवायच्या, हे ऐकायला भयंकर वाटते; पण एका वेळी २ ते ७ लाख कणच दिले जातात. त्यांनी हजारात एखादीच बारीक वाहिनी अडते आणि काही तासांत गोळके विरघळून ती मोकळी होते. फुप्फुसधमनीतला दाब फार वाढलेला असेल किंवा हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाणारे छिद्र असेल, तर कणांची संख्या कमी ठेवतात. इंजेक्शन रुग्णाला उताणे झोपवून देतात, म्हणजे शिखरालाही पुरेसे रक्त मिळते. सिरिंजमध्ये रक्त मागे ओढायचे नाही, ही साधी दक्षता फार मोलाची आहे: रक्त आणि कण मिळून गुठळ्या झाल्या, तर चित्रात खोटे तेजस्वी ठिपके उमटतात.

हवेच्या चित्रासाठी क्रिप्टॉन-८१एम हा किरणोत्सारी वायू, टेक्नेशियमयुक्त डीटीपीए या संयुगाचे तुषार किंवा अतिसूक्ष्म कार्बनकणांचा ‘टेक्नेगॅस’ हुंगायला देतात. झेनॉन-१३३ ही जुनी पद्धत. क्रिप्टॉनचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) अवघे १३ सेकंद असल्याने तो जागच्या जागी, तो तयार करणाऱ्या जनित्र नावाच्या उपकरणातून मिळवावा लागतो; टेक्नेशियमचे ६ तास असते. बाहेर पडणारे गॅमा किरण गॅमा कॅमेरा टिपतो. आता छातीभोवती फिरून त्रिमितीय प्रतिमा घेणारे स्पेक्ट तंत्र अधिक पसंत केले जाते.

दोन्ही चित्रे एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. फुप्फुसाच्या प्रत्येक खंडाला स्वतःची श्वासनलिका आणि स्वतःची धमनी असते. धमनीत गुठळी अडकली की त्या खंडाच्या आकाराची, पाचरीसारखी जागा रक्ताच्या चित्रात काळी पडते. हवा मात्र तिथे नेहमीसारखी जाते. ही विसंगती म्हणजे फुप्फुसधमनीतील गुठळीची खूण. दमा किंवा दीर्घकालीन श्वसनरोधात (सीओपीडी) दोन्ही चित्रांत एकाच ठिकाणी उणीव दिसते, कारण हवा न मिळालेल्या भागातल्या धमन्या आपोआप आकसतात आणि रक्त दुसरीकडे वळवतात. न्यूमोनियात कधी याच्या उलट घडते: हवा थांबते, रक्त वाहतच राहते.

रक्तप्रवाहाचे चित्र पूर्ण निर्दोष असेल, तर गुठळीची शंका जवळजवळ मिटते. अडचण मधल्या निकालांची. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पायोपेड’ या अमेरिकी अभ्यासात गुठळी असलेल्या रुग्णांपैकी फक्त ४१ टक्के रुग्णांचा निकाल ‘दाट शक्यता’ असा आला होता. पुढे सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन क्ष-किरणांनी रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या तपासणीने, पहिली जागा घेतली, आणि ते स्वाभाविकच होते. तरीही आयोडीनयुक्त औषध न चालणाऱ्यांसाठी, मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांसाठी आणि स्तनांना किरणांची मात्रा कमी मिळावी म्हणून तरुण स्त्रियांसाठी ही तपासणी टिकून आहे. गरोदरपणात अनेकदा फक्त रक्तप्रवाहाचे चित्र काढतात. जुन्या, न विरघळलेल्या गुठळ्यांमुळे वाढलेल्या फुप्फुसदाबाचा शोध घेताना तर ती पहिल्या पसंतीची आहे. हा आजार शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, म्हणून तो नजरेतून सुटणे फार महागात पडते. फुप्फुसाचा भाग काढण्याआधी उरलेला भाग किती काम करील, याचा अंदाजही तिच्यावरून बांधतात. उजव्या फुप्फुसाचा वाटा साधारण ५५ टक्के धरतात.

किरणोत्साराविना हीच माहिती मिळवण्याचे मार्गही आहेत. छातीभोवती इलेक्ट्रोडांचा पट्टा बांधून विद्युतरोधातील बदल मोजणारे तंत्र अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशेजारीच हवेची वाटणी दाखवते. सर्वांत लक्षवेधी आहे तो अतिध्रुवित (चुंबकीय संकेत कृत्रिमरीत्या कैक पटींनी वाढवलेला) झेनॉन-१२९ वायू वापरून केलेला एमआरआय, ज्याला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हुंगलेला झेनॉन वायुकोशातून पातळ पडद्यात आणि तिथून लाल पेशींत विरघळतो. तिन्ही ठिकाणी त्याच्या संकेताची वारंवारता वेगळी असते, म्हणून हवा कुठे पोहोचली याबरोबरच ती पडदा ओलांडून रक्तापर्यंत गेली का, हेही एकाच श्वासात मोजता येते.