दूरचित्रवाणीवरील मेकओव्हर : पार्श्वभूमी

लग्नसराई जवळ आली की लातूर, नांदेड आणि परभणीच्या ब्युटी पार्लरांत साडी, केशरचना आणि मेकअप यांचा एकत्रित विचार करून सल्ला दिला जातो. हे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभे राहिले ते प्रामुख्याने मॉडेलिंग, फॅशन मासिके आणि दूरचित्रवाणी यांच्या आधाराने.

बीबीसीने 2001 मध्ये ‘व्हॉट नॉट टू वेअर’ (‘काय घालू नये’) हा सामान्य लोकांचा पेहराव बदलून दाखवणारा मेकओव्हर कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याच्या ट्रिनी वुडल आणि सुझाना कॉन्स्टंटाइन या सूत्रसंचालिका वृत्तपत्रातील फॅशनविषयक सदरामुळे आधीच परिचित होत्या. पुढे त्यांची जागा मॉडेल लिसा बुचर आणि गायिका मिका पॅरिस यांनी घेतली. अमेरिकेत 2003 पासून टीएलसी वाहिनीवर चाललेल्या आवृत्तीचा चेहरा ठरलेल्या स्टेसी लंडन यांनी त्यापूर्वी फॅशन मासिकांच्या संपादन विभागांत काम केले होते. मासिकासाठी छायाचित्र काढताना मॉडेलच्या अंगावरचा पोशाख समोरून चोपून बसावा म्हणून मागच्या बाजूने पिना आणि चिमटे लावून आवळलेला असतो, ही गोष्ट वाचकाला दिसत नसली तरी त्या क्षेत्रात वावरलेल्या माणसाला पक्की ठाऊक असते. तयार कपडा सहसा कोणाच्याच अंगाला नेमका बसत नाही आणि त्यात दोष शरीराचा नसतो, हे अशा तज्ज्ञांनी सामान्य प्रेक्षकाला दाखवून दिले. मला त्यांचे हेच योगदान सर्वांत मोलाचे वाटते.

अमेरिकी कार्यक्रमात नातेवाईक किंवा मित्र एखाद्या व्यक्तीचे नाव सुचवत, तिच्या नकळत तिचे चित्रीकरण होई, आणि नव्या कपड्यांसाठी 5,000 डॉलर स्वीकारताना तिला जुने कपडे टाकून देण्याची अट मान्य करावी लागे. चोरून केलेले हे चित्रीकरण आणि त्यावरची टिंगल यांचे समर्थन करता येणार नाही.

आपल्याकडे 1992 मध्ये मधु सप्रे मिस युनिव्हर्स स्पर्धेत दुसरी उपविजेती ठरली, त्याच वर्षी झी टीव्ही सुरू झाला, आणि 1994 मध्ये सुष्मिता सेन व ऐश्वर्या राय यांनी जागतिक किताब जिंकल्यानंतर मॉडेलिंगकडे करिअर म्हणून पाहण्याची दृष्टी मुंबईबाहेरच्या घरांतही पोहोचली. कोलंबियातील मालिकेवर बेतलेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’ या हिंदी मालिकेमुळे 2003 नंतर नायिकेचा कायापालट हा घरोघरी चर्चेचा विषय झाला.

मराठवाड्यात मात्र तयार कपड्यांपेक्षा शिवून घेण्याची रीत, निदान ब्लाउजपुरती, आजही टिकून आहे. पैठणीवरच्या ब्लाउजचा मुंढा (बाही जोडण्याची खाच) किती खोल घ्यायचा, टक्स (कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) कुठे संपवायचे आणि पुढे उसवता यावे म्हणून शिलाईत किती कापड सोडायचे, हे निर्णय इथला शिंपी माप घेतानाच करतो, तर पडद्यावरील तज्ज्ञ ते खरेदीनंतर दुरुस्तीच्या वेळी सुचवतात.